स्क्रू शाबूत आहे, हिरडीचं सांगा

मागच्या अंकात रूट कॅनालवर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, "इंप्लांटबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा." त्या ओळीने माझा महिना खाल्ला. पत्रं आली, मेल आले, एक गृहस्थ तर अंक हातात घेऊन थेट लक्ष्मीनगरच्या दवाखान्यात आले आणि रिसेप्शनवर म्हणाले, "मी पेशंट नाही, वाचक आहे, बाहेर बसतो." बहुतेकांचा प्रश्न एकच: इंप्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात, टिकतो किती? म्हणून एका पत्राला सविस्तर उत्तर देते, बाकीच्यांना जागेप्रमाणे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. वय 64, नोकरीतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढांच्या जागी इंप्लांट बसवले. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आता आयुष्यभर बघायचं काम नाही." मीही बघितलं नाही. दोन महिन्यांपासून ब्रश केला की तिथून रक्त येऊन रायलं. दुखत अजिबात नाही. शेजारचे म्हणतात, इंप्लांट दहाच वर्षं टिकतो. खरं काय? आणि लपवत नाही, खर्रा (सुपारी, तंबाखू, चुन्याचं मिश्रण) खातो, पण दिवसाला दोनच.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काका, "मीही बघितलं नाही" हे तुम्ही जितक्या सरळपणे लिहिलंत, तितक्या सरळपणे माझे पेशंट खुर्चीत बसून सांगत नाहीत. म्हणून मीही सरळच सांगते. तुमचे डॉक्टर आणि तुमचे शेजारी दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलताहेत.

आपण ज्याला इंप्लांट म्हणतो ते खरं तर तीन तुकडे असतात. हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्याच्यावरचा जोडतुकडा, ज्याला आम्ही अबटमेंट म्हणतो, आणि वर दिसणारी कॅप. स्क्रूला कीड लागत नाही, तो गंजत नाही. चांगल्या हाडात नीट बसलेला आणि स्वच्छ राखलेला स्क्रू वीस-पंचवीस वर्षंही काम देतो. दहा वर्षांनी मोजले तरी शंभरातले नव्वदहून जास्त स्क्रू आपापल्या जागी सापडतात. कॅपचं तसं नाही. ती रोज चावते, झिजते, कधी तिचा टवका उडतो. दहा-पंधरा वर्षांत ती बदलावी लागली तर त्यात कुणी फसवलेलं नसतं. आपल्या कूलरचा पत्रा वीस उन्हाळे चालतो, आतल्या गवताच्या ताट्या मात्र बदलाव्याच लागतात. तुमचे डॉक्टर पत्र्याबद्दल बोलले, शेजारी ताट्यांबद्दल.

टायटॅनियमला हाड धरतं हे कळलं तेही ध्यानीमनी नसताना. 1952 मध्ये स्वीडनमधले पेर-इंग्वार ब्रोनमार्क हे डॉक्टर सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळकांडी बसवून हाडातला रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर नळकांडी काढायला गेले तर निघेना. हाडाने तिला कवटाळलं होतं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, म्हणजे चाळीस वर्षं ते त्या दातांनी जेवले. तेव्हा "आयुष्यभर" हा शब्द अगदीच थापेचा नाही. थापेचा शब्द आहे तो "बघायचं काम नाही" हा.

आता तुमचं रक्त. आपल्या खऱ्या दाताला हिरडी जणू शिवलेली असते. तिचे धागे मुळाच्या आत शिरलेले असतात, आणि मूळ आणि हाड यांच्यामध्येही धाग्यांची एक पातळ गादी असते. इंप्लांटला यातलं काहीच नाही. त्याच्याभोवती हिरडी नुसती गुंडाळलेली असते, थंडीत गळ्याभोवती मफलर घ्यावा तशी. त्यामुळे वर साचलेली घाण खऱ्या दातापेक्षा लवकर खाली उतरते. आणि ती गादीच नसल्याने कमीजास्त दाब पटकन कळत नाही, खाली हाड सरकत असलं तरी दुखत नाही. तुम्ही लिहिता, "दुखत अजिबात नाही". नेमकं तेच मला आवडलं नाही.

रक्त येतं याचे दोन अर्थ असू शकतात. एक, सूज फक्त हिरडीला आहे. नीट सफाई केली, तुम्ही घरी हात फिरवायला शिकलात, की ती पूर्ण जाते. दुसरा, सूज हाडापर्यंत पोचली आहे आणि स्क्रूच्या आट्यांवरून हाड खाली उतरतंय. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. मग हिरडी उघडून साफ करावं लागतं, कधी हाडाची पूड भरावी लागते, आणि उशीर झाला तर स्क्रू काढावा लागतो. या दोन्हींत बाहेरून फरक दिसत नाही. फरक कळतो तो हिरडीच्या कडेने हलकेच सळई घालून खोली मोजल्यावर आणि एक्स-रे काढल्यावर. म्हणून पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात जा. जाताना चार वर्षांपूर्वीचा, कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे शोधून सोबत न्या. नुसता आजचा एक्स-रे अर्धीच गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षात एक-दीड मिलिमीटर हाड खाली जाणं आम्ही धरूनच चालतो. त्यानंतर दर वर्षी 0.2 मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ नये. हा हिशोब जुना एक्स-रे शेजारी लावल्याशिवाय मांडता येत नाही.

आणखी एक विचारा: तुमची कॅप सिमेंटने चिकटवली आहे की स्क्रूने आवळली आहे? हे का विचारायला सांगते, त्यामागे माझीच एक चूक आहे. 2009 साली मी एका शाळेतल्या बाईंची कॅप सिमेंटने बसवली. जास्तीचं सिमेंट पुसलं, फ्लॉस फिरवला, आरसा दाखवला, बाई खूश. दीड वर्षाने त्या तुमच्यासारखंच सांगत आल्या, ब्रश केला की रक्त येतं. मी त्यांना ब्रश नीट करा म्हणून पाठवलं. तीन महिन्यांनी परत आल्या, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, "मॅडम, एकदा फोटो काढून बघायचा का?" एक्स-रेत दोन आटे उघडे दिसले. हिरडी उघडली तर खाली खसखशीच्या दाण्याएवढं सिमेंट. माझंच. तो इंप्लांट वाचला, अजून त्यांच्या तोंडात आहे, पण त्या दोन आट्यांवरचं हाड परत आलं नाही ते नाहीच. तेव्हापासून जिथे जमेल तिथे मी स्क्रूने आवळायची कॅप बसवते, आणि जिथे सिमेंट लावावंच लागतं तिथे पेशंट खुर्चीतून उठायच्या आत एक्स-रे काढते. तेव्हा काका, घासण्यात तुमचीच कसूर आहे असं गृहीत धरू नका. तपासून घ्या.

पण खर्ऱ्याबद्दल मी तुम्हाला सोडणार नाही. "दिवसाला दोनच" हे मी सव्वीस वर्षं ऐकतेय. मेडिकल चौकातल्या सरकारी डेंटल कॉलेजात शिकत होते तेव्हापासून विदर्भातली तोंडं बघतेय, आणि कागद न बघता सांगू शकते की माणूस खर्रा कोणत्या बाजूला ठेवतो. तुम्ही कोणत्या बाजूला ठेवता ते लिहिलेलं नाही. उजव्या बाजूला, खाली गालात ठेवत असाल, तर ती पुडी रोज तुमच्या त्या दोन इंप्लांटच्या हिरडीला टेकून बसते. चुना हिरडी भाजतो. तंबाखूतलं निकोटिन तिथल्या रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे जखम भरत नाही, सूज उतरत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांचे इंप्लांट न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात फसतात, आणि खर्रा तर तिथेच मुक्कामाला असतो. सुपारीचं आणखी वेगळं. ती कॅपचे टवके काढतेच, शिवाय गालाची आतली कातडी चिवट आणि पांढरट करते आणि तोंड हळूहळू बंद करत आणते. आरशासमोर उभे राहा आणि आपली तीन बोटं उभी करून तोंडात घाला. तिन्ही जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर इंप्लांट बाजूला ठेवा, आधी ते दाखवा. त्या त्रासाचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. एकदम सुटत नसेल तर सरकारी रुग्णालयांत तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, तिथे जायला लाज वाटून घेऊ नका. माझ्याकडचे तीन-चार जण सुटले आहेत, त्यातले दोघं तुमच्याहून मोठे.

घरची सफाई. नेहमीचाच मऊ ब्रश, दोन वेळा, पण कॅपवर नाही, कॅप आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरका धरून. आडवं खसाखसा नको. मग दोन कॅपच्या मधून इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. औषधाच्या दुकानात मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच दिसतं. घेताना बघा, मधल्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असावं, उघडी तार स्क्रूला ओरखडे पाडते आणि त्या ओरखड्यांत घाण घर करते. याच कारणाने टाचणी, सेफ्टी पिन, लोखंडी दातकोरणं हे सगळं बंद. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र घेतलंत तर चांगलंच, पण ते ब्रशच्या जागी नाही, ब्रशनंतर. कोळशाची टूथपेस्ट, जाडं मीठ, राखुंडी, मशेरी, गुडाखू यातलं काहीही नको, साधी फ्लोराइडची पेस्ट पुरे. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या दिल्या तर सांगितलेले दिवसच करा. महिनोन्‌महिने केल्या तर दात तपकिरी होतात आणि जिभेची चव जाते.

सफाईला जाल तेव्हा आधीच सांगा की इंप्लांट आहे. साधी लोखंडी टोकाची मशीन तिथे चालवत नाहीत, त्यासाठी वेगळी टोकं असतात, किंवा बारीक पावडरचा फवारा. तुमच्यासारख्याने पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी जावं, मग सहा महिन्यांनी. खाण्याचं विचारलं नाहीत, पण नागपूरकर आहात म्हणून सांगते: सावजीचा तिखटपणा इंप्लांटचं काही वाकडं करत नाही, हाडूक करतं. नळी फोडायची ती डाव्या बाजूच्या आपल्या दाढांनीही नको. संत्री खुशाल खा.

प्रश्न : आई 71 वर्षांची आहे. खालचे सगळे दात गेल्यावर दोन इंप्लांट बसवून त्यावर बटणाची कवळी दिली आहे. तिला शुगर आहे, आणि मागच्या वर्षी हाडांच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की त्या गोळीने जबडा सडतो. गोळी बंद करू का? आणि गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय, स्क्रू असताना चालेल का?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : ताई, गोळी बंद करू नका. ती आईचं खुबा मोडणं टाळतेय, आणि सत्तरीत खुबा मोडणं म्हणजे काय ते घरोघरी माहीत आहे. त्या जातीच्या औषधांनी जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा त्रास होऊ शकतो हे खरं. पण तो मुख्यतः कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत इंजेक्शनं घेणाऱ्यांत दिसतो. आठवड्याच्या गोळीने क्वचित. धोका वाढतो तो दात काढताना किंवा नवा स्क्रू बसवताना. म्हणून दाताच्या डॉक्टरांना ही गोळी सुरू आहे हे कागदावर लिहून द्या, आणि आईच्या तोंडात कुठे उघडं हाड दिसलं, किंवा जखम आठवड्यानुआठवडे भरत नसली, तर लगेच न्या. गोळीचं काय करायचं ते दोन्ही डॉक्टर आपसात बोलून ठरवतील. तुम्ही आणि मी नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप तर नाहीच.

शुगरचं मात्र लक्ष ठेवा. तीन महिन्यांची सरासरी (रिपोर्टवरचं HbA1c) सातच्या आसपास राहिली तर इंप्लांट नॉन-डायबेटिक माणसाइतकाच सुखाने राहू शकतो. ती नऊ-दहावर गेली की हिरडीचं दुखणं आधी तिथूनच डोकं वर काढतं.

कवळी रोज रात्री काढायची. हे आयांना पटत नाही. "काढली की चेहरा कसा दिसतो" म्हणतात. त्यांना म्हणावं, झोपेत कोण बघतं. काढून मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवायची, टूथपेस्टने नाही, ती प्लॅस्टिकवर ओरखडे पाडते. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून त्यावर धरा, म्हणजे हातातून सटकली तरी फुटत नाही. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. मग तोंडातली ती दोन बटणं. तिथे खरा आळस होतो. एकाच झुपक्याचा छोटा ब्रश मिळतो, तो बटणाच्या चहूबाजूंनी, हिरडीला लागेल असा फिरवायचा. हाताला कंप असेल तर ब्रशच्या दांड्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा, पकड जाड होते.

कवळीच्या आत टिचबटणासारखी नायलॉनची कडी असते. ती झिजली की कवळी बोलताना उठते. वर्षा-दीड वर्षाने ती बदलायची असते, पाच मिनिटांचं काम आहे. लोक त्यासाठी "इंप्लांट सैल झाला" म्हणून घाबरून येतात.

एमआरआय चालतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. जबड्याचाच फोटो असेल तर स्क्रूच्या आसपास थोडं धूसर येतं, गुडघ्याला त्याचं काही नाही. कवळी काढून ठेवा. मात्र काही कवळ्यांत बटणाऐवजी चुंबक असतो, तशी असेल तर एमआरआय करणाऱ्यांना आधीच सांगा. आणि इंप्लांट बसवला तेव्हा एक कार्ड किंवा स्टिकर मिळालं असेल, कंपनीचं नाव, माप, नंबर असलेलं. ते आधार कार्डाशेजारी ठेवा. दहा वर्षांनी एखादा पेच बदलायचा झाला, तर त्या नंबराशिवाय आम्ही अंधारात चाचपडतो.

प्रश्न : समोरच्या इंप्लांटची कॅप गोल फिरते. फेविक्विक लावलं होतं, दोन दिवस राहिलं. आता काय करू? पुढच्या आठवड्यात साखरपुडा आहे.
– हिंगणा रोड

उत्तर : अभिनंदन. आणि फेविक्विकची बाटली घरच्यांकडे देऊन टाक. ते तोंडासाठी नसतं, हिरडी भाजतं, आणि आम्हाला खरवडून काढायला तास जातो.

कॅप फिरते याचा अर्थ बहुतेक वेळा आतला बारीक पेच सैल झालाय, हाडातला स्क्रू नाही. तो ठरलेल्या जोराने, मोजून आवळतात आणि काम संपतं. पण फिरत्या कॅपने चावत राहिलास तर पेच आत मोडतो, आणि मोडका पेच काढणं म्हणजे विहिरीत पडलेली सुई उचलणं. आज-उद्याच जा. कॅप हातात आली असेल तर रुमालात नाही, डबीत घालून ने, रुमालातल्या कॅप धोब्याकडे पोचतात. आणि तिथे विचार, मी झोपेत दात खातो का? खात असशील तर पेच परत सैल होईल. रात्री लावायचा पारदर्शक गार्ड करून घे.

प्रश्न : मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तोंडातला स्क्रू तापतो का? मित्र म्हणतात डोकं दुखतं ते त्यानेच.

उत्तर : नाही. बाहेर 45 असो की 46, तोंड आपलं 37 च्या आसपासच राहतं, आणि तुमचा सकाळचा चहा उन्हापेक्षा गरम असतो. डोकं उन्हानेच दुखतं. दुपट्टा बांधा, पाणी प्या. विमानतळावरच्या दारातही सहसा काही वाजत नाही, हेही याच पत्राच्या मागच्या बाजूला विचारलं होतं.

प्रश्न : मॅडम, हे छापलं नाही तरी चालेल. यांना जाऊन दोन महिने झाले. अंबाझरी घाटावर अस्थी वेचताना राखेत एक छोटा पेच सापडला. आधी वाटलं लाकडातला खिळा असेल. मुलगा म्हणाला, बाबांच्या दाताचा आहे. रामटेकला अंबाळा तलावावर विसर्जन केलं तेव्हा तो मी काढून ठेवला. इतक्या आगीत राहिला कसा? आणि त्याचं आता काय करावं?

उत्तर : वहिनी, छापतेय, कारण असं पत्र मला पहिल्यांदा आलेलं नाही.

मुलगा बरोबर सांगतो. टायटॅनियम वितळायला 1,668 अंश सेल्सिअस लागतात. लाकडाच्या चितेची आग तिथवर पोचत नाही. रंग काळपट-निळसर होतो, वरचा थर खरखरीत होतो, आकार राहतो. तुम्ही नीट पाहिलंत तर आटे मोजता येतील.

तो विषारी नाही. घरात ठेवलात तरी काही नाही, पाण्यात सोडलात तरी कुणाला अपाय नाही. पुन्हा कुणाला बसवता येत नाही, तसं कुणी म्हटलं तर देऊ नका. मागे एका आजींनी असाच एक मला आणून दाखवला होता, कुंकवाच्या रिकाम्या डबीत. बसवला मीच होता. त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली गं याला?" मी फाइल काढून बघितली. अकरा. त्या डबी बंद करून पिशवीत ठेवून घरी गेल्या, मीही पुढचं काही विचारलं नाही.